शनिवारची काळी चकती

मला सगळं लिहून ठेवायची सवय आहे. गॅसची टाकी कधी लावली, पाण्याचा टँकर कितव्या दिवशी आला, कुणाच्या घरी वास्तुशांतीला कोणती साडी नेसले होते, सगळं. शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क म्हणून इतकी वर्षं काढली की हात आपोआप रेघा मारतो आणि रकाने पाडतो. त्यामुळं आमच्या कॉलनीतल्या बायकांच्या शनिवारच्या बैठकीची वही माझ्याकडं असणं हे ठरल्यासारखंच होतं. त्या वहीची मला आज शिसारी येते. तरी ती मी फेकलेली नाही.

उमरग्यात हायवेच्या पलीकडं आमची कॉलनी आहे. चार गल्ल्या. शनिवारी सकाळची शाळा असते, म्हणून दुपार मोकळी. आम्ही आठजणी तीन वाजता कुणातरी एकीच्या घरी जमायचो. आधी हाउजी खेळायचो. मग माझी लेक पुण्याहून आली आणि एक पत्त्यांचा डबा ठेवून गेली. तिच्या ऑफिसात एक पारशी मुलगी आहे, तिनं दिलेला. जाड, गुळगुळीत पत्ते, चित्रं सुरेख. पारशी लोकांच्या धर्मातल्या उजेड आणि अंधार या कल्पनेवर बेतलेला खेळ, असं लेक म्हणाली. उजेडाची पानं म्हणजे पाणी, अग्नी, गाय, झाड, कुत्रासुद्धा. अंधाराची म्हणजे माशी, सडणं, राग, हाव, खोटं. पत्त्यांवर इंग्रजी होतं. मी मराठी चिठ्ठ्या लिहून चिकटपट्टीनं लावल्या. माशीचं चित्र इतकं हुबेहूब होतं, हिरवी-निळी, केसाळ पायांची, की चिठ्ठी लावताना मी पान चिमटीत धरलं होतं.

खेळ सोपा. प्रत्येकीला दोन चकत्या मिळतात, एक पांढरी आणि एक काळी. एक ठेवायची, एक परत करायची. मग सगळे पत्ते मिसळून काही वाटायचे, उरलेले गठ्ठ्यात ठेवायचे. पाळी आली की एक पान पालथं टाकायचं आणि ते काय आहे ते बोलायचं. उजेडाचं पान असेल तर हात तेवढा हलका होतो. अंधाराचं असेल तर वर गठ्ठ्यातली आणखी दोन पानं उचलावी लागतात. पांढऱ्या चकतीवालीनं खरंच बोलायचं, माशीला माशीच म्हणायचं. काळ्या चकतीवालीला मात्र माशी ‘पाणी’ म्हणून खपवता येते. शंका आली तर कुणीही म्हणायचं, “दाखवा.” खोटं पकडलं गेलं तर मधला सगळा ढीग तिच्या गळ्यात. शंका फुकट गेली तर ढीग शंका घेणारीच्या गळ्यात. जिचा हात आधी रिकामा ती जिंकली.

पहिल्या शनिवारी आम्ही आठहीजणींनी पांढरी चकती ठेवली. अर्धा तास “पाणी”, “गाय”, “माशी” चाललं, सगळं खरं. एकीला जांभया यायला लागल्या.

“हे काय खेळणं झालं?” कोपऱ्यावरच्या वहिनी म्हणाल्या. त्यांचा बंगला पहिल्या गल्लीच्या तोंडाशी, दोन मजली, शेती मोठी, आणि बैठकीत त्यांचं बोलणं सहसा शेवटचं असायचं. “कुणीतरी काळी घ्या की.”

“तुम्हीच घ्या.”

“मी न्हाय बाई. आज शनिवार. शनिवारी घरात काळं आणत नसतात.”

आमची बैठक असायचीच शनिवारी. हे कुणाच्याच लक्षात आलं नाही, किंवा सगळ्यांच्या लक्षात आलं.

मग सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं, कारण वही माझ्याकडं होती. मी रकाना पाडला. तारीख, घर, काळी चकती. पाळीपाळीनं एकेकीचं नाव लावलं. मला ते फार व्यवस्थित वाटलं होतं. चकती आपण गुपचूप निवडायची, असं डब्यातल्या कागदावर लिहिलं होतं, ते वाचायची तसदी मी घेतली नव्हती. आमच्याकडं यादी लागली की गोष्ट ठरली. लग्नात कोण कुठल्या पंगतीला बसणार तेही यादीनंच ठरतं.

पहिल्या आठवड्यात एकीनं पाळी बदलून मागितली, तिच्या मुलाची बघाबघी चालली होती. दुसरीच्या घरी सून बाळंतीण. तिसरीचा उपास. वहिनींचं तर नेहमीचंच, शनिवार. भाभी, म्हणजे आमच्या कॉलनीतल्या कापड दुकानवाल्यांच्या घरच्या, एकदा सरळ म्हणाल्या, “द्या माझ्याकडं. पण मी खोटं बोलायला लागले तर खेळापुरती थांबणार न्हाय हां. वहिनींच्या नव्या साडीबद्दल पण बोलीन.” सगळ्या हसल्या. भाभींनी ती पाळी खेळली, जिंकल्यासुद्धा. पण पुढच्या वेळी त्यांचं माहेरी, सोलापूरला जाणं निघालं. बदललेल्या पाळ्या साचत गेल्या आणि एके दिवशी वहिनी चौथ्या गल्लीतल्या सिस्टरकडं वळल्या.

“सिस्टर, तुम्हीच घ्या की. तुमच्यात कुठं मानतात हे शनिवार-बिनिवार?”

सिस्टर निवृत्त परिचारिका. नळदुर्ग, मुरूम, अशा ठिकठिकाणी नोकरी करून त्यांनी आमच्या कॉलनीत प्लॉट घेऊन घर बांधलं. त्यांच्या दर्शनी भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो आहे. त्यांचे मिस्टर नाहीत, मुलगा हैदराबादला. वहिनींचं वाक्य ऐकून त्या थोडं हसल्या.

“नाही मानत, खरं आहे,” म्हणाल्या, आणि चकती उचलली.

मी वहीत लिहिलं. सिस्टर. पुढच्या शनिवारी पुन्हा सिस्टर. त्याच्या पुढच्या शनिवारी कुणी विचारलंसुद्धा नाही. मी बैठकीच्या आदल्या दिवशीच रकाना भरून ठेवायला लागले.

काळी कुणाकडं आहे हे सगळ्यांना माहीत असलं की या खेळाचं काय होतं ते सांगते. सिस्टरनी पान टाकायच्या आत सातजणी ओरडायच्या, “दाखवा! दाखवा!” त्या पान उलटायच्या. कधी माशी असायची, कधी खरंच पाणी. माशी असली की बायका टाळ्या पिटायच्या. खरंच पाणी असलं तर कुणीतरी म्हणायचं, “चुकून खरं बोलल्या बघा,” आणि ढीग कुणी उचलायचा यावर गोंधळ घालून पाळी पुढं न्यायच्या. सिस्टर दर शनिवारी हरायच्या. वर वहिनींची एक पद्धत पडली होती. खेळ संपला, चिवड्याच्या बश्या आल्या की त्या म्हणायच्या, “सिस्टर, तेवढे हात धुऊन घ्या बरं. काळी होती तुमच्याकडं.” सिस्टर उठून बेसिनला जायच्या. मी मनात म्हणायचे, नर्सबाई आहेत, त्यांना हात धुवायची सवयच असणार. हे मी खरोखर म्हणायचे.

बैठक घरोघरी फिरायची. सात घरं झाली की पुन्हा पहिलं घर. आठवं घर सिस्टरचं होतं. त्यांनी मला पहिल्यांदा विचारलं तेव्हा उन्हाळा होता.

“मॅडम, माझ्याकडं कधी लावताय?”

“लावते की. तुमचं रंगकाम चाललंय ना?”

“संपलं.”

पुढच्या खेपेला मी म्हणाले, चौथी गल्ली लांब पडते, एकदोघींचे गुडघे दुखतात. गुडघे दुखणाऱ्या त्या दोघी रोज संध्याकाळी चौथ्या गल्लीच्या पुढच्या मारुतीपर्यंत फिरायला जातात. हे मला माहीत होतं आणि सिस्टरनाही. त्या एवढंच म्हणाल्या, “मी कप आणलेत. आठ. धाराशिवला गेले होते पेन्शनच्या कामाला, तिथनं आणले.” मग त्यांनी कपाचा रंगही सांगितला. फिकट हिरवा. मला तो ऐकायचा नव्हता.

खरं तर त्यांच्या घरी बैठक लावली तर कोण येईल आणि कोण येणार नाही, याची यादी माझ्या डोक्यात तयार होती. ती कागदावर मी कधी उतरवली नाही, एवढंच.

दिवाळीच्या आधीचा एक शनिवार. बैठक वहिनींकडं. मी दहा मिनिटं आधी पोचले, तर पोर्चमध्ये सिस्टर चपलांच्या मांडणीपाशी वाकलेल्या. खालच्या कप्प्यात, चिखलाच्या गमबुटांच्या मागं हात घालून त्यांनी एक प्लास्टिकची पिशवी ओढून काढली आणि पदरानं पुसली. पिशवीत अंधाराची चोवीस पानं आणि आठ काळ्या चकत्या होत्या. डबा ज्या घरी बैठक त्या घरी आधीच जायचा. उजेडाची पानं शोकेसमध्ये आणि अंधाराची बाहेर ही पद्धत वहिनींनी पाडली आणि सगळ्यांनी उचलली. माझ्या घरी मी ती पिशवी मीटरच्या पेटीवर ठेवली होती. धूळ लागू नये म्हणून, असं स्वतःला सांगून. मीटरच्या पेटीवर कॉलनीतली सगळी धूळ असते.

“तुम्ही कशाला काढताय?” मी विचारलं.

“मीच काढते दर वेळी. आधी पिशवी काढते, मग चपला ठेवते. उशिरा आलं की कुणाचीतरी चप्पल त्याच्यावर असते.” सिस्टरनी पिशवी उघडून माशीचं पान वर धरलं. त्याच्या कोपऱ्याला वाळलेला चिखल होता. त्यांनी तो नखानं खरवडला. “चित्र छान काढलंय नाही?”

 

त्या दिवशी मी खेळले आणि घरी येऊन लेकीला फोन केला. डब्यातला नियमांचा कागद तिच्याकडं फोटो काढून पाठवला आणि म्हटलं, नीट वाचून सांग.

“आई, तुम्ही यादी करून काळी देता?” लेक म्हणाली. “देतात काय कुणाला? ज्याची त्यानं निवडायची, गुपचूप. शेवटी उघडायची. तोच तर खेळ आहे. ती माझी मैत्रीण सांगत होती, त्यांच्यात बाजू जन्मानं नसते, माणूस रोज निवडतो.”

“आणि काळ्याला हात लावला की हात धुवायचे असतात का?”

“काय?”

“काही नाही.”

“त्यांच्यात सगळ्यात मोठी घाण म्हणजे खोटं, एवढं मला माहितीय. का गं?”

मी फोन ठेवला आणि वही काढली. तिसऱ्या पानावरनं पुढं काळ्या चकतीच्या रकान्यात एकच शब्द होता, खालपर्यंत, माझ्या अक्षरात. घराच्या रकान्यात तो शब्द एकदाही नव्हता.

पुढच्या शनिवारी बैठक वहिनींकडंच होती, ज्यांची पाळी होती त्यांच्याकडं पाहुणे आले म्हणून. मी सगळ्यांना नियम वाचून दाखवला. यादी बंद, गुपचूप निवडायचं. वहिनींनी तोंड वाकडं केलं. “मग परत सगळ्याच पांढरी घेतील आणि जांभया देतील.” मी म्हटलं, बघू. प्रत्येकीनं चकती निवडून बशीखाली झाकून ठेवली, उरलेली डब्यात टाकली. मी काळी ठेवली.

त्या दिवशीचा खेळ खरा खेळ झाला. कुणाला काही कळेना. सवयीनं सगळ्या सिस्टरवर तुटून पडल्या, “दाखवा!” आणि सिस्टरनी पान उलटलं तर अग्नी. पुन्हा “दाखवा!” तर गाय. तीनदा ढीग वहिनींच्याच गळ्यात पडला. मी शांतपणे तीन माश्या पाणी म्हणून खपवल्या. सिस्टरचा हात सगळ्यात आधी रिकामा झाला. शेवटी बश्या उचलल्या. सिस्टरच्या बशीखाली पांढरी. माझ्या बशीखाली काळी.

“अगं बाई, मॅडम! तुम्ही?” वहिनी हसल्या. “लई पक्क्या निघालात की.” आणि त्याच हसण्यात त्यांनी चिवड्याची बशी माझ्या हातात दिली. मी घेतली. एक घास तोंडात टाकलासुद्धा. मग दुसरी बशी पुढं करता करता त्या म्हणाल्या, “सिस्टर, तेवढे हात धुऊन घ्या बरं.”

पंखा फिरत होता. हायवेवरनं ट्रक गेला, खिडकी थरथरली.

“वहिनी, आज माझ्याकडं पांढरी होती,” सिस्टर म्हणाल्या. आवाज चढवला नाही.

“अगं हो की! सवयीनं आलं तोंडात. घ्या, घ्या.”

“काळी मॅडमकडं होती. त्यांना नाही सांगितलंत.”

“आता मॅडमना काय सांगायचं? खेळ आहे, सिस्टर. एवढं काय मनावर घेताय?”

माझ्या तोंडातला चिवडा गिळवेना. शेंगदाणा, डाळं, कढीपत्ता, सगळं जिभेवर ओल्या भुश्यासारखं झालं. ते थुंकावं कुठं हे कळेना, म्हणून मी ते गिळलं. बाकीच्या बायका बशीत बघत होत्या. माझ्या हाताला काळी चकती लागली होती आणि तो हात कुणालाच घाण वाटला नव्हता. इतक्या शनिवारांत मला जे कळलं नव्हतं ते एका बशीनं कळलं. कळलं नव्हतं असं तरी का म्हणायचं? माझ्या डोक्यात यादी होतीच.

सिस्टरनी अंधाराची पानं आणि चकत्या गोळा केल्या, पिशवीत भरल्या. पिशवी मांडणीत ठेवायला नेली नाही, आपल्या पर्समध्ये टाकली. मग मला म्हणाल्या, “मॅडम, वही काढा. पुढचा शनिवार माझ्याकडं. तीन वाजता.”

मी सगळ्यांसमोर लिहिलं.

“उजेडाची पानं मी पाठवते हां आदल्या दिवशी,” वहिनी म्हणाल्या.

पाठवली नाहीत. शुक्रवारपासून माझा फोन वाजायला लागला. एकीची नणंद येणार होती. एकीला दवाखान्यात नंबर मिळाला होता, शनिवारचाच, दुपारी तीनचाच. एकीला चक्कर. एक म्हणाली, “मला काही नाही हो, पण आमच्या सासूबाई...” वहिनींनी फोन केला नाही, निरोप पाठवला, शोकेसची किल्ली मिस्टरांकडं आहे आणि मिस्टर शेतावर गेलेत. मी सवयीनं एकेक कारण वहीत लिहीत गेले. पान भरलं.

तीन वाजता मी आणि भाभी, दोघीच. सिस्टरनी आठ फिकट हिरवे कप मांडले होते. भजी तळून तयार होती. बशीवर बशी झाकलेली, आठजणींना पुरतील एवढी. भाभींनी दारातच विचारलं, “बाकीच्या कुठं?” आणि माझ्याकडं पाहिलं. बुटांच्या मांडणीकडं वाकून म्हणाल्या, “इथं पिशवी न्हाय ना कुठली? नाहीतर माझी चप्पल पडायची.”

“पिशवी आत आहे. टीव्हीपाशी,” सिस्टर हसून म्हणाल्या.

साडेतीनपर्यंत आम्ही इकडचं तिकडचं बोललो. सिस्टरचं लक्ष फाटकाकडं जात होतं. मग त्यांनी पाच कप उचलून परत कपाटात ठेवले. एकेक, आवाज न करता.

“खेळू या,” त्या म्हणाल्या.

“पण उजेडाची पानं नाहीत,” मी म्हटलं.

“जेवढी आहेत तेवढ्यांत खेळू.”

चोवीस पानं, तिघींना आठ-आठ. तिघींकडं काळ्याच चकत्या, कारण पांढऱ्या वहिनींच्या शोकेसमध्ये होत्या. हातात एकही खरं बोलण्याजोगं पान नाही. भाभींनी पहिलं पान टाकलं आणि म्हणाल्या, “गाय. दोन वेळा दूध देणारी.” सिस्टर म्हणाल्या, “पाणी. नळाचं, रोज येणारं.” यावर भाभी इतक्या हसल्या की चहा सांडला. रोज पाणी येणं हे उमरग्यातलं सगळ्यात मोठं खोटं. दाखवा म्हणायचं कारणच नव्हतं, सगळ्यांना सगळं माहीत होतं. तरी मजा आली. सिस्टर खोटं बोलण्यात सराईत झाल्या होत्या, आम्हीच त्यांना तेवढं शिकवलं होतं.

माझी पाळी आली. मी पान टाकायच्या आत सिस्टरनी विचारलं, “मॅडम, बाकीच्या का नाही आल्या?”

माझ्यापुढं काळी चकती होती. म्हणजे मला मुभा होती.

“पाहुणे आलेत एकीकडं,” मी म्हणाले. “एकीला बरं नाही. दिवाळीची आवराआवर...”

सिस्टरनी हातातले पत्ते खाली ठेवले.

“दाखवा,” त्या म्हणाल्या.

भाभींचं हसणं थांबलं. मी पान उलटलं नाही. पर्समधनं वही काढली, उघडली आणि त्यांच्यापुढं सरकवली. कालपासूनची सगळी कारणं होती, निरोपासकट. त्याच्या मागच्या पानांवर काळ्या चकतीचा रकाना होता. सिस्टरनी चष्मा लावला. लसीकरणाचं रजिस्टर तपासावं तसं एकेका ओळीवरनं बोट फिरवलं, वरपासून खालपर्यंत, पान उलटून पुन्हा वरपासून. कुठंही थांबल्या नाहीत. माझे कान तापले होते. चहाच्या वाफेचा वास येत होता, भजीचा येत होता, आणि या सगळ्यात घाण कुठून येते आहे ते मला नेमकं माहीत होतं. ती चपलांच्या मांडणीतून येत नव्हती.

शेवटी त्यांनी वही मिटली, माझ्या हातात दिली आणि भजीची बशी माझ्यापुढं केली.

“रजिस्टर चांगलं ठेवलंय, मॅडम,” त्या म्हणाल्या. “एकही नागा नाही.”